घारीच्या पंज्यात काय होतं

माझी थोरली बहीण, आक्का, आचऱ्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात दिलेली. भावोजी बोटीवर नोकरीला होते. ते वारल्यावर ती एकटीच त्या घरात राहिली आणि माडांवर आणि कोंबड्यांवर संसार चालवू लागली. मी मालवणच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. शनिवारी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचो, जेवायचो, भांडायचो आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचो. भांडणाशिवाय गेलेला रविवार मला आठवत नाही. माझं डोकं लवकर तापतं, आणि तिचं तर तापलेलंच असायचं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी भांडण होतं घारीवरून. आक्काच्या घरामागच्या परड्याच्या टोकाला, अगदी खाडीच्या कडेवर, एक जुना रायवळ आंबा होता. शेंडा वाळलेला, फळ कधीमधी धरायचा. त्या शेंड्याच्या जरा खाली पांढऱ्या पोटाच्या मोठ्या घारींच्या जोडीचं घरटं होतं. घरटं कसलं, काटक्यांचा भाराच म्हणायचा. दरवर्षी त्यात नवीन काटक्यांची भर पडायची. पुस्तकात या पक्ष्याला समुद्रगरुड म्हणतात हे मला पुढे कळलं. आमच्या लेखी ती घार. सकाळी ती समुद्राकडून यायची ती पंख न हलवता, सरळ, जसं काही तिला कसलीच घाई नाही. मला ती जोडी फार आवडायची. का आवडायची हे मला सांगता येणार नाही, आणि कोणी विचारलं तर रागच यायचा.

आक्काला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. “माझ्यो कोंबड्यो नेता ती,” ती म्हणायची.

“ती मासे खाता गो. मासे नि दर्यातले सोरप.”

“तू बघलंस?”

ती समुद्रातले साप खाते हे मी नुसतं ऐकलं होतं. घार पायात काहीतरी घेऊन येते एवढं मी शंभरदा पाहिलं होतं. ते काहीतरी म्हणजे नक्की काय, हे झाडाखालून दिसायचं नाही. मधे फांद्या, पानं, आणि मान वर करून करून डोळ्यांत पाणी. आक्कानेही पाहिलेलं नव्हतं, पण तिचा हिशेब सोपा होता. कोंबडी नाहीशी झाली आहे आणि वर घार आहे, मग आणखी काय बघायचं?

शेवटी तिने लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलून टाकलं. आंब्याच्या पेट्यांसाठी त्याला असलं लाकूड हवंच होतं. गावपळण (तिच्याविषयी पुढे सांगतोच) आटपली की माणसं घेऊन येतो, असं तो सांगून गेला. मला हे कळलं तेव्हा मी इतका ओरडलो की शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. आक्का शांतपणे नारळ सोलत राहिली आणि ओरडून झाल्यावर म्हणाली, “तुझ्याकडे फोटोचा यंत्र आसा मां? काढ फोटो. तिच्या पायात मासो दिसांदे माका. मग झाडाक कोणाक हात लावूक देवचंय नाय.”

कॅमेरा खरं तर तिचाच. भावोजींनी बोटीवरून येताना आणलेला, पूर्व जर्मनीचा, आणि ते गेल्यावर तिने तो मला देऊन टाकला होता. मी त्याने शाळेची स्नेहसंमेलनं आणि ओळखीतली लग्नं टिपायचो. दुसऱ्याच रविवारी मी खाडीपलीकडे गेलो. पलीकडून घरटं उघडं दिसायचं, कारण खाडीकडच्या अंगाच्या फांद्या वाळून गेल्या होत्या. घार आली, मी फोटो काढला, धुतला, मोठा करून आणला. आक्काने तो हातात घेतला, उजेडाला धरला आणि पदराने पुसू लागली. फोटोवरची घार तिला धुळीचा कण वाटली होती.

त्या दिवशी मी भांडलोसुद्धा नाही.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक ख्रिस्ती सहकारी होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचे बरेच नातेवाईक गोव्यात. गोवा नुकता मोकळा झाला होता आणि तिथल्या दुकानांत परदेशी माल अजून शिल्लक होता. सरांच्या चुलतभावाचं म्हापशाला फोटोच्या सामानाचं दुकान होतं. मी रडगाणं गायल्यावर सर म्हणाले, चला, बघून तर येऊ. सावंतवाडी, बांदा करत आम्ही एसटीने म्हापशाला पोचलो तेव्हा तिथे बाजाराचा दिवस होता.

माझ्या कॅमेऱ्याला मळसूत्राने बसतील अशी लांबची भिंगं त्या दुकानात दोनच निघाली. एक होतं एकशे पस्तीस मिलिमीटरचं. आखूड, जाडजूड, देखणं. त्याचं तोंड मोठं, म्हणून उजेड भरपूर घ्यायचं. कॅमेऱ्याला लावून डोळ्याला लावलं की समोरचं सगळं लख्ख. हातात धरूनही फोटो निघाला असता. लग्नात नवरीचा चेहरा दुरून टिपायला तर त्याच्यासारखं दुसरं नाही, असं दुकानदार म्हणाला, आणि ते खरंच होतं. दुसरं होतं चारशेचं. एवढी लांब नळी की मला आधी ती दुर्बीणच वाटली. वजनाला जड, उजेडाला कंजूष. त्यातून बघावं तर आतलं चित्र संध्याकाळ झाल्यासारखं, आणि श्वास घेतला तरी बाजारातली माणसं इकडून तिकडे झोके घ्यायची. दुकानदारानेच सांगितलं की हे कोणी नेत नाही, कित्येक दिवस इथेच पडून आहे.

मी अर्थातच आखूड भिंगाच्या प्रेमात पडलो. ते हातातून खाली ठेववेना. मनात मी त्याने लग्नं टिपूही लागलो होतो. सर दुकानाच्या पायरीवर उभे राहून चिरूट ओढत होते. ते म्हणाले, “मास्तर, तुमका फोटो होयो काय पुरावो होयो?”

मला राग आला. पण मी दोन्ही भिंगं घेऊन दारात आलो. समोर सुक्या मासळीवाल्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मागच्या कौलांवर एक कावळा. मी आखूड भिंगातून पाहिलं. सुंदर दिसला. पिसांवरची चमकसुद्धा दिसली, आणि चोचीत काहीतरी होतं. मग लांब नळी लावली, दाराच्या चौकटीला टेकवली, काळोखात चाचपडत कावळा शोधला आणि हळूहळू भिंगाची कडी फिरवत चित्र स्पष्ट केलं. चोचीत सुक्या बांगड्याची शेपटी होती.

आक्काला ‘काहीतरी’ चाललं नसतं. मी लांब नळी घेतली. पैसे कुठून आणले ते विचारू नका, त्यावर घरी वेगळं भांडण झालं.

ते भिंग वापरायला शिकण्यात माझा जीव गेला. मालवणच्या किनाऱ्यावर उडत्या पाखरांवर मी एक अख्खा रोल घालवला, आणि त्या काळी रोल मिळणंही कठीण होतं. धुतल्यावर निघालं काय, तर आकाश, आकाश, शेपूट, पुन्हा आकाश. शाळेतले लोक विचारायचे, काय मास्तर, ढगांचा अभ्यास चाललाय वाटतं? हळूहळू कळलं की याला हातात धरायचंच नाही. कोंड्याने भरलेली पिशवी कशावर तरी ठेवायची, नळी तिच्यात रुतवायची आणि पक्षी येईल त्या जागेवर आधीच नेम धरून बसायचं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटोही थरथरतो, म्हणून कोवळ्या उन्हातच काय ते काम. उजेड कमी घेणारं भिंग आणि कोवळं ऊन, दोन्हींचा मेळ जमवताना माझी चिडचिड व्हायची. पण खरं सांगतो, इतका मन लावून मी आयुष्यात दुसरं काही शिकलो नाही.

आणि गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या त्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि देवाने होय म्हटलं की सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळे. गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांना न्यायचं. आजारी माणूस असेल तर खाटेवरून न्यायचा. ते तीन दिवस गाव देवाचं, राखणदार देवचाराचं आणि रानातल्या जीवांचं. माणसाने तिथे पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही.

आक्काच्या वाडीची माणसं खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधायची, म्हणजे बरोबर घरट्यासमोर. मी शाळेतून रजा काढली. मनात खूश होतो, कारण मला वाटत होतं की मी परीक्षेचा पेपरच फोडला आहे. गावात एकही कोंबडी उरणार नाही. मग घारीच्या पायात येईल तो मासाच येणार, दुसरं येणार कुठून?

निघायच्या दिवशी नुसता कल्लोळ. बैलगाड्यांवर भांडी, पाट्यांत मांजराची पिल्लं, डालग्यांत कोंबड्या. माळावर सगळ्या वाडीच्या कोंबड्या एकत्र होतात, म्हणून ज्याने त्याने आपल्या कोंबडीच्या पायाला चिंधी बांधून ठेवायची. आक्काच्या कोंबड्यांच्या पायांना भावोजींच्या जुन्या चौकड्याच्या लुंगीच्या चिंध्या असायच्या. दुसरं कापड ती वापरायची नाही.

माळावर लोकांची मजा चालली होती. भजनं, गप्पा, एकमेकांच्या चुलीवरचं कालवण. मी मात्र उजाडलं की किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होडीवर कोंड्याची पिशवी ठेवून तिच्यामागे पालथा पडायचो. लोक येऊन बघून जायचे. म्हातारे विचारायचे, तोफ कोणावर लावलीस? एरवी अशा वेळी आक्काने मला फाडून खाल्लं असतं. पण त्या खेपेला तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. खोपीच्या दारात बसून सारखी खाडीपलीकडे बघायची. जेवणावरही तिचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, झाडाचा निकाल लागणार म्हणून तिलाही धाकधूक असेल.

पहिल्या सकाळी घार मासा घेऊन आली आणि माझा हात हलला. दुसऱ्या सकाळी ती समुद्राकडून आली आणि तिच्या पायांखाली लांब दोरीसारखं लोंबत होतं. दर्यातला साप! मी बटण दाबलं आणि आनंदाने ओरडलो. तेवढ्यात दुसरी घार, तिचा जोडीदार, गावाच्या अंगाने खालून वर आली. काहीतरी जड घेऊन, पंख मारत मारत. मी घाईघाईने पुन्हा बटण दाबलं. या कॅमेऱ्याची गंमत अशी की फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी आतला आरसा वर जातो आणि डोळ्यासमोर काळोख होतो. काय टिपलं ते धुतल्याशिवाय कळत नाही. मोठा मासा असणार, असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवसानंतर देवाने परतायचा कौल दिला आणि आम्ही घरी आलो. आक्का आधी मागच्या दारी गोठ्यात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती थेट अंगण सारवायला बसली. मी साप मिळाल्याच्या नादात होतो. लगेच मालवणला पळालो.

रविवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून मी फोटो मोठे केले. साप सुरेख आला होता. शेपटीचं चपटं टोकसुद्धा दिसत होतं. मग दुसरा कागद औषधाच्या पाण्यात हलवू लागलो आणि त्यावर हळूहळू घार उमटली. पंख पूर्ण पसरलेले, मान खाली वळवलेली, डोळ्यावरची भुवई रेखल्यासारखी. माझ्या आयुष्यात मी याहून चांगला फोटो काढला नव्हता. पुढेही काढला नाही. तिच्या पंज्यात कोंबडी होती. कोंबडीचा एक पाय खाली लोंबत होता आणि पायाला चिंधी. चिंधीवरचा चौकडा मोजता आला असता, इतकी स्वच्छ.

मी कागद बाहेर काढून दिव्याखाली धरला. आखूड भिंग घेतलं असतं तर नुसतं ‘काहीतरी’ दिसलं असतं. पण मला कळेना, पळणीत गावात कोंबडी आली कुठून? आणि तीही आक्काची?

व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता. मी रजा टाकून आक्काकडे गेलो. दोन्ही फोटो एका पाकिटात. वाटेत ठरवलं होतं की सापाचा तेवढा दाखवायचा. खोटं काही नाही त्यात, साप आणलाच होता तिने.

आक्काने सापाचा फोटो बघितला. पुसला नाही. उजेडाला धरला आणि म्हणाली, “सोरप आसा खरो.” मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा तिला लहानपणापासून वाचता यायचा. “आणि पाकिटात काय आसा?”

मी दिला.

मला वाटलं आता ती उसळेल, कुऱ्हाड स्वतःच हातात घेईल. मी भांडणाची तयारीही केली होती. पण ती खाली बसली. फोटो मांडीवर ठेवला आणि चिंधीवर बोट ठेवून म्हणाली, “माझी तांबडी.”

“ती हंय कशी रवली गो?”

“खुडूक होती ती. अंड्यांवर बसलली. हलवलंय असतंय तर अंडी फुकट गेली असती. म्हणान गोठ्यात ठेवलंय. तांदूळ ठेवलंय, पाणी ठेवलंय. तीन दिवस कोणाक कळतला, असा म्हटलंय.” तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “पळणीत आंधळी म्हातारी नेतत, ओली बाळंतीण नेतत, माजराची पोरां पाटयेत घालून नेतत. आणि मी तिका मागे ठेवलंय.”

मी घारीची बाजू घेऊन काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला.

“तू गप रव. घार कोंबड्यो खाता, ता मी आधीच सांगललंय. पण ही चोरी न्हय. ते तीन दिवस गाव आपलो नसता रे. मागे रवला ता तेंचा. मीच तिका वाढून ठेवलंय.”

बाहेर माणसांचा आवाज आला. व्यापारी अंगणात उभा होता, बरोबर दोरखंड आणि कुऱ्हाडी घेतलेली माणसं. आक्काने डोळे पुसले, फोटो माझ्याकडे सरकवला आणि बाहेर गेली. मी कोंबडीचा फोटो मांडीखाली दडवला.

“वयनी, माणसां आणलंय,” व्यापारी म्हणाला.

“आंबो देवचंय नाय.”

“अहो, तुमीच सांगलात मां, घार कोंबड्यो खाता म्हणान?”

“ती घार दुसरी. खंयसून इलली कोण जाणे. ही मासे खाता नि सोरप खाता.” आक्का ओट्याकडे वळली. “माझ्या भावान आपल्या डोळ्यांनी बघल्यान. फोटो काढल्यान. इचारा तेका.”

इतकी वर्षं हे वाक्य मी तिला सांगत आलो होतो, काही न बघता. आता बघितल्यावर तेच मला विचारत होते. खरं सांगावं तर तिने देवाचा नेम मोडला हे गावभर होईल. मी म्हटलं, “होय. मासे नि सोरप,” आणि सापाचा फोटो पुढे केला. व्यापाऱ्याने तो बघितला, माणसांना दाखवला, आणि एवढी पायपीट फुकट गेली म्हणून कुरकुरत राहिला. आक्काने सगळ्यांना शहाळी फोडून दिली. ते पिऊन ते दोरखंड खांद्यावर टाकून निघून गेले.

ती आत आली आणि मांडीखालचा फोटो तिने माझ्याकडून मागून घेतला. “हो कोणाक दाखवशीत तर माझ्या घराची पायरी चढा नको,” ती म्हणाली. मी तो कुठेही पाठवला नाही, कोणाला दाखवला नाही. आता आक्का नाही आणि गावातली तेव्हाची माणसंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

फोटो घेऊन ती मागच्या दारी गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी थोड्या वेळाने गेलो तर ती रडत होती. भावोजी गेल्याची तार आली तेव्हा ती चार माणसांत बसून रडली होती. या कोंबडीसाठी तिला कोणासमोर रडता येत नव्हतं. मी शेजारी बसलो.

“तांदूळ संपलले रे,” ती म्हणाली. “उंदरांनी नाय मां खाल्ले असतले? भुकेन नाय मां भायर इली ती? तिणाच खाल्ल्यान असतले मां?”

“तिणाच खाल्ल्यान गो,” मी म्हटलं. “सगळे तिणाच खाल्ल्यान.”